पोलिसाला उद्याची ड्युटी कधी कळते?

माझी बहुतेक नोकरी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कार्मिक विभागात झाली आणि माझा धाकटा भाऊ पुणे शहर पोलीस दलात शिपाई म्हणून भरती होऊन आज हवालदार आहे. माणसांना कामावर बोलावण्याच्या आणि घरी सोडण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीती त्यामुळे मला एकाच घरात राहून पाहायला मिळाल्या. आमच्याकडे १९४८चा कारखाने अधिनियम लागू होता. त्याच्या कलम ६१प्रमाणे प्रत्येक पाळी कधी सुरू होणार, कधी संपणार आणि मधली विश्रांती केव्हा, याची सूचना फाटकाजवळ सर्वांना दिसेल अशी लावणे बंधनकारक होते. ती बदलायची तर कारखाने निरीक्षकाला आधी कळवावे लागे आणि एकदा बदल केला की निरीक्षकाच्या परवानगीवाचून आठवडाभर दुसरा बदल करता येत नसे. कामगारांपैकी ते कलम कोणाला ठाऊक नव्हते, पण पुढच्या आठवड्यात आपली कोणती पाळी आहे हे सगळ्यांना ठाऊक असे.

भावाने आजवर ज्या ठाण्यांत दिवस काढले त्यांची नावे मी इथे देत नाही, आणि या एका बाबतीत त्यांच्यात फारसा फरकही नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या ड्युटीचा चार्ट संध्याकाळच्या हजेरीनंतर तयार व्हायचा आणि कधी रात्री नऊला, कधी अकराला ठाण्याच्या व्हॉट्सअॅप गटावर यायचा. सकाळचा डबा किती वाजता भरायचा, मुलाला शाळेत कोण सोडणार, सासूबाईंना डॉक्टरांकडे कोण नेणार, हे माझी भावजय तो मेसेज आल्यावर ठरवत असे. बंदोबस्ताच्या दिवशी त्या चार्टवर हजर होण्याची वेळ असायची, सुटण्याची नसायची.

पोलिसांच्या आरोग्याविषयी आणि मानसिक ताणाविषयी अलीकडे बरेच बोलले जाते, आणि बोलले जाते हे चांगलेच आहे. पण त्या चर्चेत धोका, गुन्हेगार, मृतदेह, दंगल यांचा उल्लेख जितका येतो तितका चार्टचा येत नाही. माझे म्हणणे असे आहे की पोलिसांचे स्वास्थ्य हा आधी कार्मिक प्रशासनाचा विषय आहे आणि वैद्यकाचा नंतर. आणि त्या प्रशासनाची पारख करायची असेल तर एवढेच विचारावे की आपण उद्या किती वाजता जाणार आणि किती वाजता सुटणार, हे शिपायाला आज माहीत असते का.

कायद्याची बाजू आधी पाहू. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम २८ सांगते की पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाईल आणि राज्याच्या कोणत्याही भागात त्याला कामाला लावता येईल. १८६१च्या पोलीस अधिनियमातही अशीच तरतूद होती. तिचा हेतू समजण्यासारखा आहे. घरी असलेल्या पोलिसासमोर गुन्हा घडला तर त्याला ‘माझी ड्युटी संपली’ असे म्हणता येऊ नये, आणि संकटकाळी त्याला बोलावता यावे. मात्र केव्हाही बोलावता येण्याचा हा अधिकार व्यवहारात केव्हा सोडायचे ते न सांगण्याचा अधिकार होऊन बसला, आणि ही मजल कोणत्याही कलमाने मारलेली नाही. ती रोजच्या सवयीने मारली आहे. अग्निशमन दलाचे किंवा रुग्णालयाचे कामही संकटाचेच असते, तरी तिथे पाळी ठरलेली असते आणि संकट आले तर ती मोडली जाते. पोलिसांत मोडण्यापुरतीसुद्धा पाळी नसते, ही खरी अडचण आहे.

ही गोष्ट नवीन नाही आणि कोणाला माहीत नव्हती असेही नाही. १९७७मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९च्या आपल्या पहिल्याच अहवालात शिपायाला रोज दहा ते सोळा तास आणि आठवड्याचे सातही दिवस काम करावे लागते असे नोंदवले होते. पोलीस संशोधन व विकास ब्यूरोसाठी हैदराबादच्या अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने केलेला देशव्यापी अभ्यास २०१४मध्ये आला. त्यात ठाण्यांतले सुमारे ९० टक्के कर्मचारी आठ तासांहून अधिक काम करतात असे आढळले, आणि ७३.६ टक्के ठाणेप्रमुखांनी आपल्या माणसांना महिन्यातून एकदासुद्धा साप्ताहिक सुट्टी मिळत नसल्याचे सांगितले. पुढे कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या संस्थांच्या २०१९च्या अहवालात दिवसाच्या कामाची सरासरी चौदा तास निघाली. आयोगापासून या अहवालापर्यंत चाळीस वर्षे गेली. मधल्या काळात मोबाइल आला, सीसीटीव्ही आले, ऑनलाइन फिर्याद आली आणि कामाचे तास जिथल्या तिथे राहिले. एखाद्या कारखान्यात उत्पादनाची सगळी यंत्रे बदलूनही कामगाराचे तास कमी झाले नसते, तर आम्ही यंत्रे सोडून व्यवस्थापनाकडे पाहिले असते.

पोलिसांच्या ताणाचे मोजमाप करणाऱ्यांनी एक भेद फार पूर्वी केला आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. मॅक्क्रिअरी आणि थॉम्पसन या संशोधकांनी २००६मध्ये पोलिसांच्या ताणासाठी दोन स्वतंत्र प्रश्नावल्या तयार केल्या, दोन्हींत वीस-वीस प्रश्न. पहिली प्रत्यक्ष कामातल्या ताणाची, म्हणजे रात्रपाळी, इजा होण्याची भीती, भीषण प्रसंग पाहणे इत्यादी. दुसरी संघटनेतल्या ताणाची, म्हणजे साहेबाची वागणूक, माणसांची कमतरता, आवडत्या-नावडत्याचा भेद, प्रशासकीय कामांचा बोजा, वरून सतत बदलणारे आदेश. वेगवेगळ्या देशांतल्या अनेक अभ्यासांत असे दिसत आले आहे की पोलीस स्वतः दुसऱ्या प्रकारच्या ताणाची तक्रार पहिल्याइतकी, आणि पुष्कळदा पहिल्याहून अधिक करतात. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटते, पण पोलिसाच्या घरात राहणाऱ्याला वाटत नाही. मुठा कालव्यातून प्रेत बाहेर काढून आलेल्या रात्री भाऊ गप्प होता, जेवला नाही. दोन दिवसांनी त्याविषयी स्वतःहून बोलला आणि मोकळा झाला. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मंजूर झालेली रजा मात्र आदल्या संध्याकाळी रद्द झाली होती, ती तो अजून विसरलेला नाही. “प्रेत काढणं हे माझं कामच आहे दादा, त्यासाठीच भरती झालो,” असे तो म्हणतो. “पण त्या दिवशी बंदोबस्त कसला होता, हे मला कोणी आजपर्यंत सांगितलेलं नाही.”

रॉबर्ट कारासेक या अभ्यासकाने १९७९मध्ये एक साधे सूत्र मांडले होते, जे आमच्या कार्मिक विभागातल्या प्रशिक्षणातही शिकवत असत. कामाचा बोजा जास्त असणे एवढ्याने माणूस खचत नाही. बोजा जास्त आणि त्यावर स्वतःचा ताबा कमी, असे दोन्ही एकत्र आले की तो खचतो. पोलीस शिपायाच्या बाबतीत हे सूत्र विलक्षण तऱ्हेने लागू पडते, कारण रस्त्यावर त्याच्या हातात पुष्कळ ताबा असतो. अलका चौकात उभा राहून तो शेकडो वाहने थांबवू शकतो, भांडणाऱ्यांपैकी कोणाला समज द्यायची आणि कोणाला ठाण्यात न्यायचे हे तोच ठरवतो. आणि याच माणसाला आपल्या मुलाच्या पालकसभेला येत्या शनिवारी अकरा वाजता येईन असे सांगता येत नाही. दुसऱ्याच्या वेळेवर इतकी सत्ता आणि स्वतःच्या वेळेवर इतकी कमी, अशी नोकरी माझ्या पाहण्यात दुसरी नाही. त्या सत्तेचा सूर कधीकधी नागरिकांशी बोलताना का चढतो, याचे एक कारण मला इथे दिसते. ते समर्थन म्हणून मी सांगत नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे की पोलिसांचे काम अनिश्चितच असते, चार्ट आधी लावून करणार काय? हे उत्तर पुण्यात राहून मला पटत नाही. पुणे शहराचा बंदोबस्त काही आभाळातून पडत नाही. १ जानेवारीला पेरणे येथील जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येणार, १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या मिरवणुका निघणार, १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंती असणार, ज्येष्ठ-आषाढात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या नाना पेठ आणि भवानी पेठेत दोन मुक्काम करणार, भाद्रपद चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत मध्य पुणे रात्रभर जागे राहणार, ३१ डिसेंबरला फर्ग्युसन रस्ता आणि लष्कर भागात गर्दी होणार, हे सगळे पंचांगात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात वर्षभर आधी छापलेले असते. निवडणुकांचा अंदाजही काही महिने आधी येतोच. अचानक येणारे मंत्र्यांचे दौरे, आंदोलने, एखाद्या ठिकाणचा तणाव यांना जागा ठेवूनही वर्षातला मोठा बंदोबस्त आधी ठाऊक असलेलाच असतो. मंडळांच्या कार्यकर्त्यांना परवान्यांसाठी महिनाभर आधी बैठकीला बोलावले जाते. ध्वनिवर्धक किती वाजता बंद होणार, कोणते रस्ते कोणत्या तासापासून बंद राहणार, हे ठरते. त्या बंद रस्त्याच्या तोंडाशी उभा राहणारा शिपाई किती तास उभा राहणार, एवढेच काय ते ठरत नाही.

विसर्जन मिरवणुकीचा दिवस तर या सगळ्याचा कळस असतो. सकाळी मंडईजवळून मानाचा पहिला गणपती निघतो आणि शेवटच्या मंडळाची मिरवणूक संपायला दुसरा दिवस उजाडून बराच वर येतो. २४ तासांच्या आत ही मिरवणूक आटोपत नाही हे आता सर्वांनी धरूनच ठेवले आहे. एवढी लांबी माहीत असताना दोन किंवा तीन तुकड्यांत बंदोबस्त लावणे हे गणित अवघड नाही, आणि कागदावर तो तसा लागतोही. पण पॉइंटवरच्या, म्हणजे नेमून दिलेल्या जागेवरच्या, माणसाला रिलीव्हर (त्याची जागा घेणारा माणूस) येईपर्यंत जागा सोडता येत नाही आणि लक्ष्मी रस्ता माणसांनी भरलेला असल्यामुळे रिलीव्हर पोहोचू शकत नाही. भावाचा अनुभव असा की पहिल्या तुकडीतला माणूस दुसऱ्या तुकडीचेही निम्मे काम करून मगच हलतो. महिला पोलिसांच्या बाबतीत यात स्वच्छतागृहाचा प्रश्न मिळवा, म्हणजे बारा तास कमी पाणी पिऊन उभ्या राहणाऱ्या मुली दिसतील. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले कर्मचारी शाळांच्या वर्गात आणि मंगल कार्यालयांत सतरंजीवर झोपतात. यातली कोणतीही गोष्ट सोडवायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. फिरती स्वच्छतागृहे, गल्ल्यांमधून ठरवून मोकळ्या ठेवलेल्या रिलीव्हरच्या वाटा आणि झोपायला खाट लागते.

तास कमी करण्याचा एक गंभीर प्रयत्न महाराष्ट्रात झाला, आणि तो खालून सुरू झाला म्हणून मला विशेष आवडतो. मुंबईच्या देवनार ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या पाळ्यांची योजना आखून ती तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढे मांडली, आणि मे २०१६मध्ये देवनार ठाण्यातच तिचा प्रयोग सुरू झाला. आठ तास काम आणि सोळा तास विश्रांती. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ती मुंबईतल्या इतर ठाण्यांत नेण्यात आली. पुढे ती सर्वत्र अखंड टिकली नाही, पण जी माणसे असे चालणारच नाही म्हणत होती त्यांचे म्हणणे तिने कायमचे खोडून काढले. आहेत त्याच माणसांत, कामाची फेरमांडणी करून, ठाणे चालू शकते हे एकदा दिसले. २०२१मध्ये पोलीस महासंचालकांनी महिला अंमलदारांसाठी बारा तासांऐवजी आठ तासांच्या ड्युटीचा आदेश काढला. त्याआधी नागपूर शहर आणि पुणे ग्रामीणसह काही ठिकाणी त्याची चाचणी झाली होती.

महिलांपुरता काढलेला हा आदेश चांगला होता, पण त्यात एक खोच आहे. आठ तासांची सवलत एका गटाला आणि बारा तासांचे काम दुसऱ्याला, अशी वाटणी झाली की उरलेल्या चार तासांचा हिशेब सहकारी एकमेकांशीच मांडू लागतात. ‘तिला आठ तास म्हणून मला सोळा’ असे बोलणे मी स्वतः ऐकले आहे, आणि ते बोलणारा माणूस दुष्ट नव्हता, दमलेला होता. शिवाय ज्या शिपायाची बायको आठ तासांवर आली त्या शिपायाने मुलांना कधी पाहायचे, हा प्रश्न उरतोच. सवलत म्हणून दिलेले तास एखादा साहेब बदलला की परत घेतले जातात. नियम म्हणून दिले तर मागे घ्यायला निदान कागद लागतो.

आठ या आकड्यालाही मी फार चिकटून राहणार नाही. अमेरिकेतल्या पोलीस फाउंडेशनने डेट्रॉइट आणि आर्लिंग्टन या शहरांत प्रत्यक्ष प्रयोग करून आठ, दहा आणि बारा तासांच्या पाळ्यांची तुलना केली होती. तिचे निष्कर्ष २०११मध्ये आले. दहा तासांच्या पाळीतल्या पोलिसांना आठ तासवाल्यांपेक्षा रोज अर्ध्या तासाहून अधिक झोप मिळाली आणि त्यांना जादा काम कमी करावे लागले; बारा तासवाल्यांत मात्र पेंग आणि सुस्ती वाढलेली दिसली. अर्थात दहा तासांचा दिवस म्हणजे तिथे आठवड्याचे चारच दिवस काम, हे विसरून चालणार नाही. पुण्यापुरते बोलायचे तर एक आणखी अडचण आहे. शिवाजीनगर, स्वारगेट, खडकमाळ आळीच्या पोलीस वसाहतींत सगळ्यांना घरे मिळत नाहीत, त्यामुळे पुष्कळ जण धायरी, वाघोली, उरुळी असे लांब राहतात. रात्री बारा वाजता पाळी सुटली तर सहसा पीएमपीची बस नसते. अशा माणसाला चार दिवस दहा तासांची आणि आधी ठरलेली पाळी ही सहा दिवस आठ तासांच्या पण केव्हाही लांबणाऱ्या पाळीपेक्षा जास्त विश्रांती देईल. दोन ड्युट्यांमध्ये निदान अकरा तासांचे अंतर असावे असा युरोपीय संघाच्या कामाच्या वेळांविषयीच्या निर्देशात सर्वसाधारण नियम आहे. आपल्याकडे पाळीच्या लांबीवर वाद होतात, या अंतरावर कोणी बोलत नाही.

रजेचेही तसेच. शिपायापासून निरीक्षकापर्यंतच्या नैमित्तिक रजा राज्य सरकारने २०२२मध्ये बारावरून वीस केल्या, आणि सरकारी निर्णयांत हा एक मनापासून स्वागत करावा असा निर्णय होता. पण नैमित्तिक रजा वर्षअखेर संपते आणि ती मंजूर करणे ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकाच्या हातात असते. त्याच्यापुढे उद्याच्या बंदोबस्ताचा आकडा असतो आणि तो भरला नाही तर जाब त्यालाच द्यावा लागतो. रजा नाकारल्याबद्दल मात्र त्याला कोणी काही विचारत नाही. आमच्या कारखान्यात वर्षअखेर कोणत्या विभागात किती रजा पडून राहिली याचा तक्ता व्यवस्थापकांपुढे जात असे आणि ज्याच्या विभागात ती जास्त पडली त्याला बैठकीत उत्तर द्यावे लागे. रजेची संख्या वाढवण्याला पैसा लागतो. असा एक तक्ता ठाणेवार काढून पोलीस आयुक्तांपुढे ठेवायला फारसा काहीच लागत नाही.

ज्या कार्मिक धोरणाने माझ्या भावाचे सर्वांत जास्त भले केले ते आरोग्याच्या नावाने आलेलेच नव्हते. २०२२च्या फेब्रुवारीत राज्याने पोलीस नाईक हे पद रद्द केले आणि शिपायाला थेट हवालदार होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याआधी शिपाई, नाईक, हवालदार, सहायक फौजदार अशा पायऱ्या चढता चढता माणूस निवृत्तीला येई आणि उपनिरीक्षकाचे तारे खांद्यावर येण्याचे स्वप्न बहुतेकांचे तसेच राहून जाई. दंडावरच्या फिती वाढल्या त्या दिवशी भाऊ जितका सरळ बसलेला दिसला तितका कोणत्याही शिबिरानंतर दिसलेला नाही. वर्षानुवर्षे एकाच पायरीवर उभे राहणे हा आजार म्हणून कोणत्या तपासणीत निघत नाही, पण त्याने माणसाची कामातली आस्था हळूहळू संपते हे कार्मिक विभागात बसलेला कोणीही सांगेल.

बदल्यांविषयी थोडक्यात. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाशसिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांत किमान कार्यकाळ आणि बदल्या ठरवणारे पोलीस आस्थापना मंडळ हे दोन होते. त्यानंतर २०१४मध्ये महाराष्ट्राने आपला पोलीस अधिनियम दुरुस्त करून शिपाई ते सहायक फौजदारांना एका ठिकाणी साधारण पाच वर्षे आणि ठाण्यातल्या उपनिरीक्षक ते निरीक्षकांना दोन वर्षे असा कार्यकाळ लिहून ठेवला. कागद चांगला आहे. मुदतीआधी हलवण्यासाठी अपवादाच्या वाटाही त्याच कागदात आहेत, आणि ‘कंट्रोलला जमा’, म्हणजे ठाण्यातून काढून नियंत्रण कक्षात बसवणे, ही शिक्षा तर बदली म्हणून मोजलीच जात नाही. दाद मागायची तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातले ‘मॅट’, आणि पुण्याच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागते. शिपाई तिथवर क्वचितच जातो.

दाद मागण्याचा प्रश्न याहून मोठा आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३३खाली संसदेने १९६६मध्ये केलेल्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर मर्यादा घातल्या. महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना काही काळ होती. ऑगस्ट १९८२मध्ये मुंबईत पोलिसांचा उठाव झाला, दंगल झाली आणि ती संघटना मोडीत निघाली. त्या आठवणीमुळे आजही कोणी संघटना हा शब्द काढला की वरिष्ठांच्या कपाळावर आठी पडते, आणि मी व्यवस्थापनाच्या बाजूने आयुष्य काढलेला माणूस असल्यामुळे ती आठी मला समजते. तरीही माझा अनुभव असा की कामगार संघटनेने मला जितका त्रास दिला त्याहून जास्त वेळा मला आधी सावध केले. पाळीत काय बिनसले आहे, कोणता फोरमन माणसांना छळतो, हे मला संघटनेच्या प्रतिनिधीकडून आठवडाभर आधी कळे. पोलीस दलात हे कळवणारे अधिकृत तोंडच नाही. ऑर्डर्ली रूम असते, तिथे शिपाई साहेबापुढे सावधान उभा राहून आपले गाऱ्हाणे सांगतो, पण शिक्षाही त्याच खोलीत सुनावल्या जातात. त्यामुळे मग बायकामुले निवेदने देतात, निवृत्त माणसे वर्तमानपत्रांत पत्रे लिहितात आणि माझ्यासारखे भाऊ ब्लॉग लिहितात. संप करण्याचा हक्क न देताही प्रत्येक ठाण्यात निवडून आलेल्या दोन-तीन अंमलदारांची, फक्त ड्युटी, रजा आणि निवारा यांपुरती, एक समिती ठेवता येईल. शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला १९४७च्या औद्योगिक विवाद अधिनियमाखाली अशी कार्यसमिती स्थापण्याचा आदेश सरकार देऊ शकत असे.

शिबिरांची मी थट्टा करणार नाही, कारण रक्तदाब आणि साखरेच्या तपासणीत वेळीच सापडून वाचलेली माणसे मला माहीत आहेत. पण तणावमुक्तीचे व्याख्यान रात्रपाळी करून आलेल्यांना सकाळी दहा वाजता हजेरी लावून ऐकवायचे, आणि ज्यांची साप्ताहिक सुट्टी होती त्यांनाही त्यासाठी बोलवायचे, असा प्रकार भावाच्या बाबतीत घडला तेव्हा मला हसावे की रडावे कळेना. समुपदेशनाची अडचण निराळी आहे. आपण समुपदेशकाकडे गेलो हे कळले तर पिस्तूल काढून घेतील, तपास पथकातून हलवतील, सेवापुस्तकात नोंद होईल, ही भीती खरी असो वा नसो, ती आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२पासून चालू आहे आणि ती दलाबाहेरची असल्यामुळे पोलिसाला अधिक मोकळी वाटू शकेल. दलातल्या समुपदेशकाची नोंद कोणत्याही परिस्थितीत चौकशीच्या कागदांत येणार नाही, असा लेखी आदेश निघाल्यावाचून त्या खोलीत जाणारे थोडेच राहतील.

मनुष्यबळ अपुरे आहे हे मी नाकारत नाही. २०१८मध्ये पिंपरी-चिंचवड आयुक्तालय झाले तेव्हा त्याची माणसे पुणे शहर आणि पुणे ग्रामीणमधूनच गेली. २०२४मध्ये बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ, आंबेगाव आणि नांदेड सिटी अशी सात नवी ठाणी शहरात सुरू झाली. नवे ठाणे उघडले की नागरिकाला ते जवळ येते, पण प्रत्येक ठाण्याला आपला ठाणे अंमलदार, आपला मुद्देमाल कारकून, आपली बारनिशी (आवक-जावक टपालाचे काम), आपला गार्ड लागतो, आणि रस्त्यावर जाणाऱ्या माणसांतून तेवढी वजा होतात. भरतीचे आकडे वाचताना ही वजाबाकी कोणी करत नाही. माणसे कमी असणे हे तास जास्त असण्याचे कारण होऊ शकते. ते तास आधी न सांगण्याचे कारण मात्र होऊ शकत नाही. उलट, माणसे कमी असतील तर आखणी जास्त काटेकोर लागते.

मी भावाला विचारले की पंधरा दिवसांचा चार्ट आधी भिंतीवर लावला तर काय होईल. त्याची पहिली शंका अशी की दिवाळी आणि गौरी-गणपतीचे दिवस ओळखीपाळखीची माणसे आधीच अडवून ठेवतील. शंका रास्त आहे. पण आज ती माणसे तेच करतात, आणि भिंतीवर कागद नसल्यामुळे ते कोणाला दाखवून देता येत नाही. एका ठाण्यातल्या जुन्या हजेरी मास्तराने, म्हणजे ड्युटी लावणाऱ्या अंमलदाराने, यावर स्वतःपुरता उपाय काढला होता. यंदा कोणाला दिवाळी मिळाली, कोणाला गणपती मिळाला, कोणाच्या किती नाइट राउंड झाल्या, कोणाच्या किती साप्ताहिक सुट्ट्या बुडाल्या, हे तो एका वहीत लिहून ठेवी आणि पुढच्या वेळी त्या वहीवरून पाळी लावी. त्याच्या काळात त्या ठाण्यात ड्युटीवरून भांडणे जवळजवळ झाली नाहीत. त्याची बदली झाली तेव्हा ती वही सरकारी नसल्यामुळे त्याच्याबरोबर गेली, आणि नव्या मास्तराने पुन्हा रात्री अकराला मेसेज टाकायला सुरुवात केली.

अशी वही सरकारी करणे आयुक्तांच्या एका आदेशाने होण्यासारखे आहे. ड्युटी वाटप हा ठाण्याच्या पातळीवरचाच अधिकार आहे, त्याला विधिमंडळ लागत नाही. आणि सुरुवात कुठून करायची असे कोणी विचारले तर विसर्जनाच्या बंदोबस्तापासून करावी असे मी म्हणेन. मिरवणुकीच्या आधी किती पोलीस तैनात, कोणते रस्ते बंद, वाहने कुठे लावायची, याची माहिती पोलीस दरवर्षी वर्तमानपत्रांना देतात. पहिली तुकडी किती वाजता सुटणार, दुसरी कोणत्या गल्लीतून पॉइंटवर पोहोचणार, हेही त्याच माहितीत छापून यावे. मंडळांच्या कार्यकर्त्यांना ती गल्ली कोणती आहे हे आधी कळले, तर ती मोकळी ठेवण्याचे काम ते करू शकतील.